सदाफुलीची नऊ पानं

दारव्हा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९६४

प्रिय धर्मपाल,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तराचे दोन कागद लिहून फाडले, हा तिसरा. तू लिहितोस की जमनीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी इतक्या का उतरल्या याचा तुम्हा डॉक्टरांना उलगडा होत नाही, मोठ्या डॉक्टरांनी तुला इंजेक्शन भरण्याच्या कामावरून बाजूला केलं आहे, आणि येत्या सोमवारच्या बैठकीत गाठींवरचं हे नवं औषध अकराही रोग्यांना बंद करायचं ठरेल. शेवटी लिहिलंस, "कदाचित माझाच हात चुकला असेल." दर वेळी वाचताना मी त्या ओळीशी अडतो.

आधी माझ्या बहिणीची, जमनीची खबर देतो, कारण तू तीच आधी शोधशील. ताप गेला. तोंडातले फोड सुकले. काल तिने दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. वजन मी दर रविवारी मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनातल्या मोठ्या काट्यावर करतो. हमाल चिडवतात, "पूनमसिंग, बहिणीले बी कापसाच्या भावात इकतं काय रे?" यावर जमनी काट्यावर बसल्या बसल्याच म्हणाली, "तुमच्या चार गाड्यांत माह्याएवढी रुई निंघत नाही, सरका तिकडं!" पण धर्मपाल, मानेवरची गाठ पुन्हा वाढते आहे. तिसऱ्या इंजेक्शनानंतर ती लिंबाएवढीची बोराएवढी झाली होती. इंजेक्शन थांबल्यापासून मी तू दिलेल्या फितीने मोजतो. आदल्या रविवारी दीड इंच होती, परवाच्या रविवारी पावणेदोन भरली. मी तीनदा मोजली.

तुझं नाव उकंडा होतं तेव्हापासून मी तुला ओळखतो. शाळेच्या माठाला तू हात लावू नये म्हणून मास्तर तुला दाराशी उभं करायचे, आणि मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी तुला द्यायचो. त्यात मोठेपणा नव्हता, तांड्यावरच्या पोराच्या तांब्याला दुसरं कोणी तोंड लावत नव्हतं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलास आणि म्हणालास, "आता मले धर्मपाल म्हन." माझं शिक्षण सातवीतच संपलं होतं. तू डॉक्टर झालास. आता कोणी म्हणतं की याचा हात चुकला, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते किती पटकन पटत असेल, हे मी ओळखतो. दुसऱ्या कोणाच्या हाताविषयी एवढ्या लवकर पटलं नसतं.

जानेवारीतला तो शुक्रवार आठवतो? जमनीचं चौथं इंजेक्शन झालं आणि तू मला सूक्ष्मदर्शकापाशी नेलंस. एका थेंबातल्या पेशी तू एकेक करून मोजत होतास, ओठ हलवत, आपण पाढे म्हणायचो तसे. मला वाटायचं नवं औषध म्हणजे कोणी तरी एकदम शोधून काढतं. ते असं मोजत मोजत, भीत भीत, आठवड्याला एक पाऊल टाकत शोधतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग तू एवढीशी शिशी माझ्या तळहातावर ठेवलीस आणि लहान पोरासारखा हसलास, "वळख बरं कशाचं हाय? तुह्या तांड्यावरची सदाफुली हाय हे, पूनम!"

मी ते घरी येऊन आईला, याडीला सांगितलं. आमच्या तांड्यावर आमच्या देवाच्या, सेवाभायाच्या ओट्याभोवती सदाफुलीच आहे. याडीने ओट्याकडे हात जोडले. म्हणाली, "दवाखान्यात थेंब थेंब देतेत, अन् देवानं आपल्याले अख्खं कुंपन देल्लं. काहून वाट पाहाची?"

म्हणून हे पत्र. त्या चौथ्या इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवसापासून, शनिवार ते गुरुवार, सहा दिवस, रोज सकाळी मी सदाफुलीची नऊ पानं मोजून उकळली आणि तो काढा जमनीला पाजला. कमीजास्त होऊ नये म्हणून मोजत होतो. शुक्रवारी तुमच्याकडे तिचं रक्त तपासलं तर पेशी उतरलेल्या. घरी रोजच्या नोंदीसाठी तू दिलेल्या वहीत "दुसरे औषध" असा रकाना आहे. त्यात सहाही दिवस मी "नाही" लिहिलं. तेव्हा खोटं लिहितो असं वाटलं नाही. देवाच्या ओट्यावरचं, म्हणजे प्रसाद. प्रसाद औषधात कसा धरायचा? मोठे डॉक्टर वही पाहून म्हणाले, अशी नीट वही आमच्या विद्यार्थ्यांचीही नसते. म्हणूनच त्यांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवला आणि संशय तुझ्या सुईवर घेतला. जमनी तापाने फणफणली तेव्हाच मला कळलं की सुईतलंच औषध मी पानांतून तिला आणखी पाजलं. जमनीला दवाखान्यातून काढतील या भीतीने मी गप्प राहिलो. तुझ्या पत्रानंतरही तीन दिवस. काल तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "म्हंजे सुईचं औषध वाईट नाही ना, भिया? मंग त्या बाजूच्या खाटेवरच्या बाईचं कायले बंद करून राह्यले? तिले तर कोनी काढा नाही पाजला." हे पत्र मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे. मी जमनीला आणि त्या पानांची पुरचुंडी घेऊन शुक्रवारच्या पहिल्या मोटारीने निघतो. ते विचारतील ते त्यांच्यासमोर सांगेन. जमनीला पुन्हा घ्यायचं की नाही, तुम्ही ठरवा. त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं, पण सोमवारी तिची सुई बंद होऊ देऊ नकोस.

रागावलास तरी तुझाच,
पूनमसिंग