देठ खुडलेली कळी

अण्णा, त्या दिवशीचा कौल देवीने दिला की तुम्ही, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी बी.ए. होऊन रत्नागिरीतच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, तरी हा प्रश्न तिथेच आहे.

मी दहाएक वर्षांची असेन. देवळात गुरव मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवतो, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे पाहून मी तुम्हाला विचारलं, "पण ती पडते कशाने?" दुसरा कुणी बाप गप्प बस म्हणाला असता. तुम्ही परसातल्या तगरीच्या कळ्या आणल्यात, स्वयंपाकघरात वरवंटा उभा केलात आणि म्हणालात, "लाव नि बघ." आपण दोघं जमिनीवर बसलो आहोत, कळ्या लावतो आहोत, वाट बघतो आहोत. देठ ठेवलेली कळी लवकर खाली येते. देठ खुडलेली दगडाला धरून राहते. चुलीपुढून आई ओरडते, "माझं वाटण खोळंबलंय नि बापलेकींनी देवीची थट्टा मांडलीय!" तुम्ही हसता. "थट्टा नाही गो, विचारतोय." बंदरावरच्या कचेरीतून परतताना तुम्ही रोज असं काहीतरी घेऊन यायचात. बोटीच्या आधी तिचा धूर का दिसतो? फणसाचा चीक तेलानेच का सुटतो? उत्तर कधी दिलं नाहीत. मला वाटायचं, साऱ्या जगाचे दरवाजे तुम्ही माझ्यासाठी थोडे थोडे किलकिले करून ठेवता आहात.

मग मी मॅट्रिक झाले. कॉलेजचं नाव काढताच तुमचे थोरले भाऊ, आमचे काका, म्हणाले, "देवीला विचारू. ती नाही म्हणाली तर विषय संपला." फुलांची परडी तुमच्या हातात होती. तुम्ही एकेक कळी गुरवाला देत होतात आणि मी काकांच्या मागून बघत होते. बघायला तुम्हीच शिकवलं होतंत. उजव्या कळीला देठ होता, डावीला नव्हता. उजवी पडली. काकांनी हात जोडले. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही समईची वात सारखी करत होतात.

तेव्हापासून तुमचा एकही प्रश्न मला सरळ वाटत नाही. वरवंट्यापुढे बसलात ते माझं कुतूहल वाढावं म्हणून, की कौल कसा पाडायचा ते तुम्हालाच शोधायचं होतं म्हणून? दहा वर्षांच्या मुलीच्या कॉलेजची तयारी इतक्या आधी कोण करतं? तुम्ही केली असतीत, म्हणूनच संशय जात नाही. मध्यंतरी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा आमच्या झाडाची फुलं घ्यायचे नाहीत, येवढं आठवतं. बाकीचं देवीला विचार, बाय."

यंदा आपली धाकटी, माझी बहीण, मॅट्रिक झाली. काका म्हणाले, "थोरलीला देवीने पाठवलं. हिचंही सोमवारी विचारू. फुलं तूच आण हो, अण्णासारखी." ते सहज म्हणाले की डोळ्याला डोळा भिडवून, मला कळलं नाही. परसात गेले, तगरीखाली उभी राहिले. एक देठ खुडला की काम झालं असतं. तेवढ्यात धाकटी मागे येऊन विचारते, "ताई, वारा दाराकडून येतो, मग दाराकडची कळी आधी सुकत असेल ना?" तिला असं विचारायला मी शिकवलं आहे. ती सोमवारी नुसते हात जोडून उभी राहणार नाही, बघणार. आणि पुढे जन्मभर माझ्याकडे तशीच बघत राहील, जशी मी तुमच्याकडे बघते.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आल्या आहेत. सोमवारची वाट न बघता काल सकाळी मी तिला बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसवलं आणि कॉलेजसाठी मुंबईच्या बोटीवर मामाच्या स्वाधीन करून आले. आई धक्क्यावर आली होती. तिने पदरात बांधून आणलेल्या आंबोळ्या दिल्या. काकांना अजून ठाऊक नाही. त्यांच्यासमोर उभं राहण्याची मला भीती वाटते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण बोट गेली आहे.