आमच्या घराण्यात कुणाला डाग नाहीत

१० जून २००१, रविवार
झुल्फिकारचा चाळिसावा झाला. माझा धाकटा भाऊ, छत्तीस वर्षांचा, पोटाच्या कॅन्सरनं गेला. बिर्याणी मात्र चांगली झाली होती. जेवणं उरकल्यावर शाहिस्तानं मला बाजूला घेतलं. ती शिवऱ्याला असते, नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे, आणि माझ्याहून लहान असली तरी आवाज थोरल्या बहिणीचा. म्हणाली, भाई, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हे रक्तातनं येतं. ओठावर काळे डाग असतात, त्यांच्या पोटात आन् आतड्यात कोंब येतात, त्याचा कॅन्सर व्हतो. ज्याला ज्याला डाग हायत त्यानं दुर्बीण घालून बघायचं. तुमी लगेच जावा.

माझ्या ओठावर डाग आहेत. असतील सहा-सात. मंगळवारी जायचं. पक्कं.

१२ जून, मंगळवार
गेलो नाही. शाळा उघडतायत, पासपोर्ट फोटोंचा सीझन. एक दिवस स्टुडिओचं शटर खाली राहिलं तर गिऱ्हाईक समोरच्या कलर लॅबवाल्याकडं जातं. शिवाय काल दोन प्लेट भजी पचवली. आजारी पोटाला हे जमतं का?

भोंगवलीच्या रतनबाई भांडायला आल्या. पेन्शनच्या कागदावर ओळखीची खूण ‘वरच्या ओठावर तीळ’ आणि फोटोत तीळ नाही. साहेब म्हणाले, ही बाई तुमी न्हाई. मी समजावलं, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून मी सगळ्यांचेच तीळ, डाग, देवीचे वण घालवतो, जादा काही घेत नाही. तर म्हणाल्या, मग माजा तीळ मला माघारी द्या. कलेची कदर नाही लोकांना.

२५ जून, सोमवार
आजपासून तिखट बंद, चहा बंद, रोज सकाळी नदीपर्यंत चालणं. पोट आपोआप साफ होतं, दुर्बीण लागतच नाही. मासिकात आलंय.

रात्री ८.३०. मेहुणे मटण घेऊन आले. उद्यापासून.

आमची लेक महेजबीन शाळेत गेली नाही, पोट दुखतंय म्हणे. नऊ वर्षांची आहे. या वयात पोट सोमवारीच दुखतं. ओवा दिला.

८ जुलै, रविवार
शाहिस्ताचा दुकानावर फोन. डॉक्टरीणबाईंना जुन्या माणसांचे फोटो हवेत. कुणाकुणाला डाग होते त्यावरून त्या वंशावळ काढणार. चला, शेवटी माझ्या अखत्यारीतली गोष्ट आली.

अल्बम काढला. अब्बा. मोठे चाचा, चाळिशीतच पोट फुगून गेले ते. फूफी. भिंग लावून पाहिलं. सगळ्यांचे ओठ स्वच्छ. म्हणजे घराण्यात हे नाहीच. झुल्फिकारचं नशीब खोटं, दुसरं काय. उगाच महिनाभर झोप घालवली.

महेजबीन पुन्हा शाळेत जाईना झाली आहे. जंताचं औषध आणलं.

९ जुलै, सोमवार
नूरजहाँला अल्बम दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ह्यांचे डाग तुमीच पुसलेत की, फोटो मोठे करताना. मूळ फोटो कुठं हायत? मूळ फोटो वाळवीनं खाल्ले. तुला काय माहीत त्यांना डाग होते ते, म्हटलं. म्हणाली, तुमच्या अब्बांचे ओठ बघूनच माझी आई ह्या सोयरिकीला नको म्हणत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, हे मला आज कळलं.

मग तिनं विचारलं, आन् महेजबीनचा शाळेचा फोटो? मी दुकान उघडायला गेलो.

१७ जुलै, मंगळवार
शाहिस्ताला घेऊन पुण्याला गेलो एकदाचा. अल्बम टेबलावर ठेवला आणि ठणकावून सांगितलं, आमच्या घराण्यात कुणाला डाग नाहीत. डॉक्टरीणबाईंनी अल्बम चाळला, मग बॅटरी लावून मला आ करायला लावलं. गालाच्या आत डाग आहेत म्हणे. ओठावरचे वयाप्रमाणे फिके होतात, म्हणून पोटातलं काही कमी होत नाही. मूलबाळ? एक मुलगी, म्हटलं, आणि पाकिटातला फोटो दाखवला. ओठ स्वच्छ. बाई म्हणाल्या, छान, पण एकदा प्रत्यक्ष आणा.

बाहेर आल्यावर शाहिस्ता म्हणाली, भाई, त्या कागदाला पोट हाय का?

२४ जुलै, मंगळवार
दुर्बिणीची तारीख. रात्रीपासून उपाशी. मनाची पूर्ण तयारी.

एस्टी कापूरहोळला थांबली. कंडक्टर चिमाजी ओळखीचा, त्यानं चहा पुढं केला. नाही म्हणणं बरं दिसत नाही. चहाबरोबर क्रीमरोल. पुण्यात सिस्टरनं विचारलं, काही खाल्लंय का. मी खोटं बोलत नाही, सांगून टाकलं. आता तीन आठवड्यांनंतरची तारीख. परत येताना जीव अगदी हलका झाला होता. त्याची जरा लाज वाटते.

१४ ऑगस्ट, मंगळवार
झाली दुर्बीण. जठरात पाच कोंब. मोठ्याचा तुकडा तपासायला पाठवला. घसा सोलून निघालाय. नूरजहाँला म्हटलं, किरकोळ आहे.

२१ ऑगस्ट, मंगळवार
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण मोठ्या कोंबात पेशी बिघडू लागल्या आहेत, तो काढायचा, आणि पुढं जन्मभर तपासत राहायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर फोटोच बघत बसला असतात तर मी काही करू शकले नसते. मला आनंद झाला. दोन मिनिटं. मग त्यांनी विचारलं, मुलीला आणलंत?

घरी आलो तर महेजबीन गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. दुपारपासून ओकत होती. नूरजहाँनं तिचा खालचा ओठ धरून माझ्यासमोर केला.

मी घाबरलोय. लई घाबरलोय.

२२ ऑगस्ट, बुधवार, दुपारी ३
पुणे. हॉस्पिटलचं बाकडं. पहाटे टेम्पोनं आणलं, वाटेत शाहिस्ताला घेतलं. कोंबामुळं आतडं आतड्यात शिरून अडकलंय, ऑपरेशन चालू आहे. बरी झाली की तिचंही जठर बघणार. आत नेताना तिनं विचारलं, अब्बा, मला झुल्फिकारचाचांसारखं झालंय का. नाही म्हटलं. बापाला भूल देत नाहीत का, असं मी सिस्टरला विचारलं. शाहिस्ता हसली नाही.

सही करण्याआधी फॉर्म भरायचा होता. ओठांवर डाग केव्हापासून? मी लिहिलं, नुकतेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नीट आठवा, तिच्यासाठी लागतंय.

आठवायचं काय त्यात. बालवाडीच्या फोटोत पहिल्यांदा दिसले, तेव्हाच पेन्सिल चालवली. खोडून लिहिलं, पाच वर्षं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या वहीलाही नाही.