राहिलेल्यांची यादी

आई, परवा तुझी आठवण मला कॉम्प्युटरसमोर झाली. खर्डीपलीकडच्या पाड्यांवर तू लस द्यायला चालत जायचीस, तेव्हा तुझ्या उपकेंद्रात असलं यंत्र नव्हतं. आता प्रत्येक उपकेंद्रात आहे. मी लिहिलेला प्रोग्राम शहापूरहून निघतो, एकेका यंत्रावर स्वतः जातो, तिथल्या नोंदी तपासतो आणि पुढच्याकडे सरकतो. लस चुकलेल्या मुलांची नावं घेऊन त्यानं सकाळी नर्सबाया निघायच्या आत परतायचं. पण तो चौथ्या-पाचव्या केंद्रापाशीच अडकून पडायचा. वीटभट्टीवरून चार दिवसांसाठी घरी आलेली मुलं लसीवाचूनच परत जात होती आणि मी महिनाभर नेटवर्कला शिव्या घालत होते.

मग तो दिवस आठवला. मी कॉलेजात आहे. मुरबाडला विकेंद्रीकरणावर भाषण ठोकून, टाळ्या घेऊन आलेय आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर पाड्यावर निघालेय. एका घराच्या आढ्याला टांगलेली वही तू काढतेस, लिहितेस, परत तिथेच टांगतेस. मी भडकते. "सरकारी दप्तर असं लोकांच्या घरात ठेवतात? हरवलं तर?" घरची बाई हसते. "बाय, आमची पोरां आमी सांभाळतो, वही नाय सांभाळनार?" तू हसली नाहीस. "साऱ्या पाड्यांच्या वह्या पाठीवर घेतल्या तर लशीचा डबा कुठं धरू गो? ज्या पाड्याची वही त्या पाड्यात. मला कोण राहिलं तेवढंच पायजे. बोलतेस चांगली, आता डबा धर." पुढे ओढा भरलेला दिसला, तरी तू काठावर थांबली नाहीस. अलीकडचा पाडा आधी उरकलास आणि पाणी उतरल्यावर पलीकडे गेलीस.

माझा प्रोग्राम नेमकं उलटं करत होता. लस झालेल्या मुलांच्याही सगळ्या नोंदी गोळा करत, प्रत्येक मुक्कामाला जड होत जायचा. सगळं मध्यभागी ओढून घेणं हा सत्तेचा रोग आहे, असं गावोगाव ओरडून सांगणारी मी. तोच रोग मी स्वतःच्या हातानं लिहिला होता! आता निवड जागेवरच होते, नोंदी तिथेच राहतात, तो फक्त राहिलेल्यांची नावं उचलतो. एखादं यंत्र बंद असलं तर वाट न बघता पुढे जातो आणि शेवटी पुन्हा तिकडे फिरकतो. काल तो वेळेत परतला. नर्सबाई पाड्यावर पोचली तेव्हा भट्टीवाल्यांची पोरं अजून घरीच होती. एकानं सुई बघून असा टाहो फोडला म्हणे, की सगळा पाडा गोळा झाला. ऐकून मला किती बरं वाटलं, तुलाच कळेल.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून सांगते. आज मुरबाडच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "मॅडम, ही युक्ती सुचली कुठून?" मी उभी राहिले, अर्धा तास बोलले, देशोदेशीची जाड पुस्तकं पुढे केली. हे मी एका नर्सबाईकडून शिकले, एवढं एक वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही.