बिनपाटीचं यंत्र

सोमवार

आलो एकदाचा. वर्तमानपत्रानं माझं सदर बंद केलं तेव्हा लेक म्हणाली होती, बाबा, तुमच्याकडे एवढे शब्द पडून आहेत, कुठंतरी कामी लावा. लावले. या छोट्या संग्रहालयातल्या जुन्या अवजारांना पाट्या लिहायच्या. नाव, उपयोग, काळ. मागच्या बाजूला राहायला खोली आहे. पलंग, टेबल आणि एक खिडकी. ती उघडते आणि मिटते, दोन्ही स्वतःच्या मर्जीनं.

संग्रहपाल सज्जन, पण बोलण्यात महाकंजूष. मी मनातल्या मनात त्यांचं बारसं उरकलं: मौनीबाबा. देखरेखीच्या बाई त्यांच्याहून वरचढ. मला म्हणाल्या, ते तिकडनं घ्या, ह्यात घाला न् ते लावून टाका. म्हणजे किल्ली खुंटीवरून घ्यायची, कुलपात घालायची आणि दार लावायचं, हे मला तर्कानं सिद्ध करावं लागलं. सर्वनामांवर संसार चालवणारी माणसं प्रथमच पाहिली.

महिनाअखेर लेक भेटायला येणार आहे. तोवर सगळी दालनं पाट्यांनी सजवायची. बापाला अजून भाव आहे, हे तिला कळू दे.

मंगळवार

शेवटच्या दालनात एकच वस्तू बिनपाटीची आहे. कमरेइतकी उंच, बिडाची. बाजूला फिरवायची लाकडी मूठ, आत पितळी नळकांडं, त्याच्या अंगभर बारीक खिळे, वर कर्ण्यासारखं पसरट तोंड. वाजणारी पेटी म्हणावी, तर खिळ्यांनी छेडायच्या पट्ट्या नाहीत. दळायचं यंत्र म्हणावं, तर पीठ पडायला जागा नाही. तोंडातून आत गेलेलं बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही.

इथला शिरस्ता असा, की वस्तू स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पाटी लिहायची नाही. उत्तम. मी शास्त्रीय पद्धत ठरवली. एकेक नाव मोठ्यानं उच्चारायचं, मूठ फिरवायची, लागू पडत नाही असं दिसलं की खोडायचं. नेति नेति. या वाटेनं ब्रह्म सापडतं म्हणतात, मग हे बिडाचं धूड कुठं जाणार?

बुधवार

रहाट, चरक, घाणा, भाता. एकही नाही. मूठ लोण्यासारखी फिरते. प्रत्येक नावानंतर आत बारीक टक् होतं, दाढेखाली फुटाणा फोडावा तसं. कंटाळून गंमत म्हणून कात्री, कंदील, अडकित्ता अशी वाटेल ती नावं घेतली. टक्, टक्, टक्. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि न बोलता गेल्या.

मौनीबाबांनी विचारलं, संस्कृतातलेही येतात का? मी म्हणालो, कोशच्या कोश पाठ आहेत. आज ते पहिल्यांदा हसले. गुणग्राहक माणूस. उरलेला दिवस संस्कृतात घालवला.

शुक्रवार

कागद कापायचा होता. बाईंकडे ते मागायला गेलो, दोन पात्यांचं, बोटं घालून चालवायचं — नाव येईना. वय झालं म्हणालो. बाईंनी मुकाट्यानं ते आणून हातात दिलं आणि घरात आलेल्या नव्या सुनेकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

शनिवार

बुधवारचं पान काढलं. 'कंदील' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं, वळण माझं. पुन्हा पुन्हा वाचलं. कंदील म्हणजे काय?

नळकांड्यावर नवे खिळे उगवले आहेत. कोरे, चकचकीत. आत कोणी ठोकणारा नाही.

मूठ उलटी फिरवून पाहिली. वाटलं, परत देईल. टक् टक् सुरू झालं, थांबेना. मी तर तोंड मिटून उभा होतो.

सोमवार

संग्रहपालांना गाठलं. जाब विचारला, म्हणजे जेवढा जुळवता आला तेवढा. त्यांनी खाली बघत सांगितलं, ते उपाशी राहिलं की आमचे घेतं. आमचे आता थोडेच उरलेत. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे पुष्कळ आहेत. म्हणून तर बोलावलं."

उभा जन्म ज्या संपत्तीचा तोरा मिरवला, तिला गिऱ्हाईक मिळालं ते हे.

मंगळवार

सामान न घेता निघालो. गाड्या सुटतात तिथं पोचलो. खिडकीपलीकडच्या माणसानं विचारलं, कुठं जायचं? माझ्या गावाचं नाव — मागची रांग खोळंबली. ढकलून बाहेर काढलं.

परत इथंच. दुसरीकडे कुठं जायचं ते सांगता येत नाही.

बुधवार

जीभ आधी जाते, हात मागून. लिहिताना अजून काही सापडतं. बोलताना नुसतं हे, ते.

ते कानाला लावून लेकीशी बोललो. येऊ नकोस म्हणायला गेलो. ते — हे — एवढंच. ती घाबरली. बाबा, तब्येत बरी नाही का, उद्याच निघते, म्हणाली. ठेवून दिलं.

तिचं नाव काल गेलं. 'लेक' अजून आहे. घट्ट धरून ठेवतो.

गुरुवार

आली. माझ्या आधी त्यांना भेटली. काय करता, त्यांनी विचारलं. भाषा शिकवते, म्हणाली. त्यांनी स्वतः तिला बसायला — आणून दिलं. पाणी दिलं. पुन्हा हसले.

मग तिला इथं घेऊन आले. बाबांचं अडलेलं काम बघा, म्हणाले, आणि गेले.

ती ते आतून बाहेरून बघते आहे. हे काय असेल, बाबा? एकेक नाव लावून बघू या का, म्हणते. माझ्यावरच गेली आहे.

बोलता येत नाही. लिहून दाखवतो —

बाळ, त्या — ला हात लावू नकोस. त्याची ती — फिरवायची — ती —

तिनं वाचलं. "कशाला, बाबा?"

त्या — त्या —

सापडत नाही. बोट दाखवलं. जिवाच्या आकांतानं दाखवलं. तिला वाटलं, मी फिरवून बघ म्हणतो आहे. लहानपणापासून माझं ऐकते. तिनं बाही वर सारली आणि