आखूड गवत

मंगळवार, मार्च १९७३. संध्याकाळ.

जेवण गेलं नाही. ती जीभ डोळ्यांपुढून हलत नाही.

हौसेनं गोल्फ खेळलो, हौसेनंच बेलापूरकडच्या माळावर क्लबसाठी नऊ होलांचं मैदान आखलं. या दुष्काळात सगळं करपलं. फक्त सातव्या होलभोवतीचं हिरवं गवत क्लबच्या सांडपाण्यावर जगवलंय. तिथं कुणी बूट आपटला तरी मी खेकसतो.

आज कुंपणाशी शेजारच्या वस्तीवरची सगुणाबाई गाय घेऊन उभी. गाय कसली, हाडांचा सापळा.

"सायेब, चारा कुटंच न्हाई. घटकाभर सोडू का हिला?"

फाटक मीच उघडलं. वाटलं, माझ्या हातचं काहीतरी कुणाच्या पोटात जाईल.

गायीनं मान खाली घातली, जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. तोंडात काडी येईना. चेंडू अडखळू नये म्हणून ते गवत मी रोज जमिनीसरसं कापून घेतो. जिभेच्या वेढ्यात यायला पातं तर हवं! मला हे कसं सुचलं नाही? "अगं, खा की!" मी वेड्यासारखा ओरडलो. नुसती जीभ फिरत होती, खरखर, खरखर.

सगुणाबाई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं गायीच्या पाठीवर हात ठेवला. "चल बाई. ह्यो नुसता रंग हाय."

एवढी वर्षं मी काय पिकवलं मग?

फाटक उघडंच टाकून आलोय. राखायचं काय आता? सगुणाबाई दावं ओढत होती, आणि गाय वळून वळून त्या हिरव्याकडेच बघत होती.