मुनीमच्या जागी घ्यावयाच्या पिल्लाबाबत

तीर्थरूप सुलोचनाबाई यांच्या चरणी,

मी, कैलाश धनीराम हटवार, वय वर्षे छप्पन, बी.कॉम. (द्वितीय श्रेणी), तुमसर येथील एका धान गिरणीत लेखापाल, मुक्काम आंधळगाव, आपला सख्खा धाकटा भाऊ, हे पत्र बुली जातीचे एक कुत्र्याचे पिल्लू विकत घेण्याच्या संदर्भात लिहीत आहे. (हे वाचून आपण "मले मालूम नाही का तू कोन होय ते" असे म्हणणार, हे मी जाणतो. परंतु लिहिणारा कोण, कुठला आणि कशासाठी लिहितो हे पत्राच्या आरंभी आलेच पाहिजे, असे बाबांनी आपणा दोघांना शिकवले. ते स्वतः मामांना पोस्टकार्ड टाकतानाही 'धनीराम, धानाचा काटा करणारा' असे लिहीत.) आपले गुडघे या थंडीत कसे आहेत, आणि डोळ्यांत टाकायचे थेंब मी दिलेल्या कागदाप्रमाणे वेळच्या वेळी टाकले जातात की देव्हाऱ्यात ठेवून दिले आहेत, हे कृपया कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. उपाशीपोटी साखर एकशे बारा.

या पत्राची एक प्रत मी माझी मुलगी डिंपल हिच्यासाठी ठेवणार आहे. म्हणून आपणास ठाऊक असलेल्या काही गोष्टीही सविस्तर लिहाव्या लागत आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.

विषयाची सुरुवात डिंपलपासूनच झाली. तिची आई जाऊन चार वर्षे झाली, आणि तिच्या स्वतःच्या लग्नाला दोन. रायपूरहून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि ती मला काय जेवलात ते विचारते. मी सांगतो. मागील महिन्यात तिने, दिवसभरात तुम्ही कोणाशी बोलता, असे विचारले. मी आठवून अचूक उत्तर दिले: सोमवारी दोन हमालांशी, मंगळवारी बँकेतल्या बाईंशी. त्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक कुत्रा तरी पाळा." ही गोष्ट मी कार्यालयात मनिष नावाच्या माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यास सहज सांगितली, तेव्हा त्याने लगेच मोबाईलवर बुली जातीच्या पिल्लाचा फोटो शोधून दाखवला. रुंद कपाळ, आखूड नाक, ढोलासारखी छाती, पुढचे पाय कंसासारखे बाहेर वाकलेले. बाई, तो मुनीम होता.

(डिंपलसाठी: सन १९७७ मध्ये तुझी आत्या अठरा वर्षांची असताना चिखल्याच्या खाणीजवळ मावशीकडे गेली आणि परतताना एक पिल्लू पिशवीत घालून एस.टी.त बसली. पिशवीत काय आहे असे कंडक्टरने विचारता तिने "लाखोळीची डाळ" असे सांगितले. पुढच्या थांब्याआधी डाळ भुंकली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमची डाळ कच्ची दिसून राहिली," आणि त्याने अर्धे तिकीट फाडले. तेवढाच त्या कुत्र्याचा खरेदीखर्च. ते पिल्लू मोठे झाल्यावर बाबांच्या काट्याशेजारी बसून राही आणि पोत्यांचे वजन चालू असताना मान वर करत नसे, म्हणून बाबांनी त्याचे नाव मुनीम ठेवले.)

तर मनिषच्या मोटारसायकलवरून, दिनांक २ फेब्रुवारी, रविवार रोजी, आम्ही भंडाऱ्याच्या बाहेर प्रविण नावाच्या तरुणाच्या शेतावर गेलो. तो ही जात पाळतो आणि पिल्ले विकतो. मी बावीस प्रश्नांची यादी नेली होती. त्यांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, पोहे दिले, मग चहा दिला, आणि आतून एकेक पिल्लू आणून दाखवू लागले. डिंपलला पाहायला आलेल्या मंडळींना आपण जसे बसवले होते, अगदी तसे. पिल्लाच्या वडिलांचा केवळ फोटो होता. ते नागपूरला असतात. आई समक्ष होती आणि तिने माझ्या विजारीचा बराच वेळ वास घेतला.

किमतीचा तपशील असा. कागदांसह पासष्ट हजार, कागदांविना चाळीस. कागद म्हणजे पिल्लाच्या तीन पिढ्यांची वंशावळ. त्यात पणजोबा-पणजींपर्यंत सर्वांची पूर्ण नावे, जन्मतारखा व रंग लिहिलेले आहेत. (आपल्या घराण्यात बाबांच्या आजोबांचे नाव विचारले असता "बुढा" एवढेच उत्तर मिळत असे, आणि त्यांचा रंग कोणी नोंदवला नाही.) लसींच्या तीन फेऱ्या, दर महिन्याला जंतांचे औषध, खाणे महिन्याला साडेचार हजार. उन्हाळ्यात स्वतंत्र कूलर, कारण नाक आखूड असल्याने या जातीला उन्हात धाप लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्याचा तिच्या कागदांत कुठेही उल्लेख नाही. कातडीला खाज सुटते, तिचा साबण वेगळा. वजन वाढू दिल्यास सांधे धरतात आणि उतारवयात गुडघे जातात. मी मनिषला म्हणालो की गुडघेदुखी आमच्या घरात पिढीजात आहे, तिच्यासाठी पासष्ट हजार मोजण्याची गरज नाही. तो हसला नाही. (मुनीमला रात्रीची उरलेली पेज मिळे. उन्हाळ्यात तो रांजणाखालच्या ओल्या मातीत जाऊन पडे. एकदा त्याला साप चावला तेव्हा बाबांनी हळद लावली. मुनीम नऊ वर्षे जगला, सापाचे काय झाले ते समजले नाही.)

आपण म्हणाल की एवढे ऐकल्यावर मी उठून आलो असेन. मी उठणारच होतो. परंतु सहा पिल्लांपैकी एक पट्ट्यांचे पिल्लू, इतर पाच जण चेंडूमागे धावत असताना, माझ्या खुर्चीखाली येऊन माझ्या चपलेवर बसले. मी प्रश्न क्रमांक नऊ ते बावीस विचारले तरी त्याने मान वर केली नाही. बाई, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. मी पाच हजार रुपये बयाणा काढून हातात घेतला.

तेव्हा प्रविणच्या मातोश्री, देवकाबाई, इतका वेळ दारात बसून लसूण सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचे बावीस झाले. आता माहा एक आयका. घरी दिवसभर कोन रायते?"

मी सांगितले की मी सकाळी नऊला निघतो आणि साडेसहाला परत येतो.

"मंग पिल्लू दिवसभर कोनाचं तोंड पाहीन? भितीचं?"

मनिष मध्ये पडला. "मावशी, सरांच्या घरी कॅमेरा लावून देतो ना मी. मोबाईलवर दिसते सगळं."

"कॅमेरा पेज पाजते का रे?" मग माझ्याकडे वळून, "राग नका मानू भाऊ. पैसे कितीबी द्या, रिकाम्या घरी आमी लेकरू देत नाई."

पाहायला मी गेलो होतो, पण अर्धा तास पाहणी माझीच चालू होती, हे मला त्या वेळी समजले. रिकामे घर हा शब्द मी चार वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. लोक 'शांत' म्हणतात. त्यावर मी देवकाबाईंना एक उत्तर दिले. ते या परिच्छेदात लिहिण्याचा मला धीर होत नाही. ते खाली येईल.

परत येताना मला स्टँडवरचा मुनीम आठवला. आपले लग्न होऊन आपण आसगावला गेलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवसापासून मुनीमने काटा सोडला आणि संध्याकाळच्या एस.टी.च्या वेळी तो स्टँडवर जाऊन बसू लागला. गाडी येई, माणसे उतरत, तो प्रत्येकाचे पाय हुंगे आणि गाडी गेली तरी बसून राही. आई मला म्हणे, "जाय रे, त्या कुत्र्याले घेऊन ये." महिनाभर मी रोज गेलो. आपण मला पुढे अनेकदा विचारलेत, "मी गेल्यावर तू रडला होता का?" मी नाही म्हणालो, आणि ते उत्तर बरोबर आहे. मी फक्त कुत्र्याला आणायला जात होतो, आणि गाडी येण्याच्या अर्धा तास आधी जात होतो.

असो. वरील सर्व खर्च व बाजू पाहता हे पिल्लू घ्यावे किंवा कसे, याबाबत आपला सल्ला मिळावा, एवढीच विनंती आहे. दाजी जाऊन दोन वर्षे झाली, आपणही तिकडे एकट्या आहात. मुलाकडे, अंकुशकडे, हैदराबादला अकरा दिवस राहून "तिथं बसाले ओटा नाई" म्हणून परत आलात, हे त्याने मला कळवले आहे. मी त्यावर मत देत नाही.

आपला आज्ञाधारक,
कैलाश धनीराम हटवार
आंधळगाव, दि. ११ फेब्रुवारी २०२५

ताजा कलम १. (यापुढील प्रत्येक मजकुराखाली वेगळी सही केली आहे.) देवकाबाईंना मी, "घरी माझी मोठी बहीण राहते," असे उत्तर दिले. त्यांनी बयाणा ठेवून घेतला, ते उत्तर प्रविणला वहीत लिहून घ्यायला लावले आणि खाली माझी सही घेतली: घरात माणसे दोन, पैकी सुलोचनाबाई दिवसभर घरी. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद. (आपण डाळ म्हणाला होतात, तेव्हा कंडक्टरने निदान लिहून घेतले नव्हते.) रविवार, दिनांक २३ रोजी देवकाबाई घर पाहायला येणार आहेत. खोडाखोड मला जमत नाही. तेव्हा नोंद आहे तशी ठेवून वस्तुस्थिती तिच्याप्रमाणे करून घेणे, एवढाच मार्ग दिसतो. आपण कोणाच्या घरी बसून खात नाही, भाऊबीजेलाही तिसऱ्या दिवशी पिशवी भरता, हे मला पूर्ण ठाऊक आहे. म्हणून स्पष्ट करतो की हे पाहुणचाराचे बोलावणे नाही, काम आहे: पिल्लाला दिवसातून चार वेळा खाऊ घालणे, दुपारी पाणी पाहणे, आणि त्याला तोंड दिसू देणे. पूर्वेकडच्या खोलीला चुना मारून घेतला आहे. दारापुढचा ओटाही दुरुस्त केला आहे. तो तसाही फुटलाच होता. (फुटला नव्हता.)
कै. ध. हटवार

ताजा कलम २. पत्र टाकण्यापूर्वी, दिनांक १३ रोजी, प्रविणचा फोन आला. त्याच्या आईने ते पट्ट्यांचे पिल्लू स्वतःसाठी ठेवून घेतले. ते आता तिच्या खाटेखाली झोपते आणि ती कोणाला हात लावू देत नाही. बयाणा परत मिळाला. म्हणजे २३ तारखेला कोणीही घर पाहायला येणार नाही, नोंद खरी करण्याची आवश्यकता उरलेली नाही, आणि वरील पत्रात दिलेले विनंतीचे कारण संपले आहे. पत्र फाडावे की काय, याचा मी दोन दिवस विचार केला. कारण संपले की विनंतीही संपते, असा सर्वसाधारण नियम आहे. मी दोनदा तपासून पाहिले, संपलेली नाही.

बाई, तू ये. रविवारी, तेवीसलाच ये. संध्याकाळची गाडी आता साडेपाचला लागते. मी पाचपासून स्टँडवर असेन. या वेळी माझ्यासोबत कुत्रा नसेल.

कैलाश
आंधळगाव, दि. १५ फेब्रुवारी २०२५