बर्फातली आखणी

२१ डिसेंबर १९९५

पोचलो एकदाचा! पेणहून एसटी, मग उत्तरेकडची लांबलचक रेल्वे, मग खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी, आणि शेवटी शिमल्यातून सुटलेली एक बस, जिची एकही खिडकी नीट बंद होत नव्हती. अंगात दोन स्वेटर, वर कोट, कानाला मफलर, आणि तरीही दात वाजतायत. मजा येतेय.

गाव लहान आहे. उतारावर देवदार, खाली बाजार म्हणजे चार दुकानं आणि एक एसटीडी बूथ. गेस्ट हाऊसमध्ये सध्या मी एकटाच. नेगी नावाचा माणूस आणि त्याची बायको ते चालवतात. बाई स्वयंपाक करते, राजमा छान करते. नेगीला विचारलं की बर्फ कधी पडेल, तर म्हणाला की आज ना उद्या पडेल, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं! आमच्याकडे बर्फ म्हणजे मासळीबाजारातली भुशात गुंडाळलेली लादी. आकाशातून पडलेला बर्फ आमच्या आळीत कुणी पाहिलेला नाही. मोरूने तर नाहीच नाही.

खरं सांगायचं तर म्हणूनच आलोय.

२२ डिसेंबर

बर्फ नाही. नुसतं ढगाळ. शेगडीजवळ बसून लिहितोय.

मोरूचं लिहूनच टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल. गुणाजीशेठच्या गणपतीच्या कारखान्यात मी मोरूच्या आधीपासून आहे. तो वरसेहून आला तेव्हा त्याला ब्रश धरायला मी शिकवलं. आज मी अजून सोवळी आणि शेले रंगवतोय, आणि तो आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे आखायचे, की मूर्ती बघायला लागते. ते काम कारखान्यात एकाच माणसाचं. गिऱ्हाईक येतं, मूर्तीकडे बघून हात जोडतं, आणि विचारतं की आखणी कुणाची. मी रंगवलेल्या सोवळ्याच्या काठाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझी बायको मालूसुद्धा तसलीच. मला डबा द्यायला येते आणि मोरूच्या पाठीशी उभी राहून बघत बसते. एकदा म्हणाली, "भावजींच्या हातात काय हाय कोन जानं, गणपती आपल्याकडंच बघतो." डबा तसाच परत पाठवला मी त्या दिवशी.

माघी गणपतीची आखणी मला द्या म्हणून गुणाजीशेठच्या मागे लागलो होतो. शेठ म्हणाला, "तुझा हात सोवळ्याचा हाय, जगन. आखणीचा नाय." सगळ्यांसमोर म्हणाला. मोरू खाली मान घालून ब्रश धूत बसला. हसला असता तर बरं वाटलं असतं. चांगुलपणा दाखवतो मेला.

त्याचा आखणीचा बारीक ब्रश मी येताना खिशात घालून आणलाय. बसू दे शोधत.

२४ डिसेंबर

पडला! पडला! पडला!

सकाळी उठलो तर कसलाच आवाज नाही, कुत्र्याचासुद्धा नाही. दार उघडलं तर सगळं पांढरं, आणि वरून अजून येतंय, हळूहळू, काही घाई नसल्यासारखं. मी तसाच चपलांत बाहेर धावलो. जीभ बाहेर काढून उभा राहिलो. नेगीची बायको खिडकीतून हसत होती. हसू दे. वाशीनाक्याच्या मिठागरातले ढीग लहानपणापासून बघतोय, पण मिठाला वास असतो, ते हाताला चरचरतं. ह्याला काहीच नाही. मुठीत दाबलं की दाबाल तसं राहतं. शाडूपेक्षा गुणी माती आहे ही!

दिवसभर एकच विचार. कारखान्यातल्या मूर्तींचे चेहरे साच्यातून येतात. हाताने चेहरा घडवून त्याचे डोळे आखले, फोटो काढून शेठपुढे टाकला, तर काय बोलेल तो? कॅमेरा आहेच, पेणच्या फोटो स्टुडिओतून भाड्याने आणलाय. ठरलं.

२६ डिसेंबर

दोन दिवस तेच करतोय. गेस्ट हाऊसमागे, पडवीच्या भिंतीला लागून. माणसाएवढा उभा माणूस. खोलीतला आरसा बाहेर आणून समोर टेकवला आणि माझाच चेहरा घडवला. दुसऱ्या कुणाचा का घडवू? गाल, जिवणी, भुवईवरची खोकसुद्धा आली. फोटोत शोभावा म्हणून माझा कोट त्याला घातला, मफलर गुंडाळला. नेगी बघून गेला. म्हणाला की इथली मुलं बर्फाची बाहुली करतात, पण असली पाहिली नाही.

ऐकलंस का मोरू?

२७ डिसेंबर

आज आखणी केली.

बसण्याआधी शेठचं बोलणं आठवलं. आमच्या कारखान्यात नेम आहे, मूर्ती कुणाच्या घरी जाणार हे ठरल्याशिवाय आखणी करायची नाही. पावती फाटली, नाव लागलं, मगच डोळे. शेठ नवीन पोरांना सांगतो, "ज्याला घर नाय त्याचे डोळे उघडायचे नाय. उघडलेस तर तो घर शोधत ऱ्हातो." मी हसलो. हा काय गणपती आहे? बर्फ तर आहे.

मोरूचा ब्रश, खालच्या दुकानातून आणलेला काळा रंग. श्वास रोखून पहिली पापणी काढली. हात एकदाही थरथरला नाही! बुबुळ, त्यात पांढरा ठिपका, खालची रेघ. मागे सरलो आणि अंगावर काटा आला. तो बघत होता. कुठूनही बघा, माझ्याकडेच बघत होता. मी रडलो, खोटं का लिहू. इतकी वर्षं हे माझ्या हातात होतं आणि मला सोवळी रंगवायला लावली.

फोटो काढले. त्याला एकटं सोडवेना. जेवायच्या वेळेला नाइलाजाने आत आलो.

२८ डिसेंबर

तो नाही.

उशिरा उठून मागे गेलो तर जागेवर बर्फ सपाट आहे. मोडलेला नाही, विरघळलेला नाही. पावलं आहेत, पडवीतून पुढच्या दाराकडे, तिथून रस्त्याकडे. माझ्याच मापाची.

खोलीत बॅग नाही. कॅमेरा नाही. परतीचं तिकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं. कोट त्याच्या अंगात होता.

नेगी मला बघून दचकला. म्हणाला, साहेब, तुम्ही तर सकाळच्या बसने गेलात. त्याने स्वतः बॅग टपावर चढवून दिली. निघताना मी त्याच्या बायकोच्या पाया पडलो, राजम्याची तारीफ केली, फार गोड बोललो. इतके दिवस साहेब घुमे वाटत होते, असंही म्हणाला.

मी कुणाच्या पाया पडलेलो नाही.

दुपारपासून पुन्हा जोरात पडतोय. रस्ता बंद. फोनही बंद.

३१ डिसेंबर

चोर असणार. माझ्यासारखा दिसणारा कुणीतरी चोर. दुसरं काय?

हिशेब केला तर आज तो पेणला पोचला असेल. नको, असलं लिहायला नको.

शेगडीजवळ बसलो की बाह्या ओल्या होतात. घाम नाही. नेगीच्या बायकोने चहा देताना हाताला हात लागला तर कप सोडला.

२ जानेवारी १९९६

फोन लागला. कारखान्यात मोरूने उचलला. म्हटलं, मी जगन बोलतोय. तो हसला. "कोन थट्टा करतंय? जगनदादा हितं माझ्या म्होरं बसलाय." मी ओरडलो. मग तो हळू आवाजात सांगायला लागला, जसं कुणा परक्याला सांगावं. दादा परवा बर्फातून आले. काल सहज एका मूर्तीचे डोळे आखले. शेठ बघतच राहिला. माघीची आखणी आता दादांची. मोरूने स्वतःहून दिली. "त्यांच्या हातापुढं माझा काय हात," म्हणाला, आणि खरंच खूश होता.

माघीची आखणी. मला मिळाली. मला नाही मिळाली.

आजवर मोरूवर जळलो. पण इतका कुणावर जळलो नव्हतो —

४ जानेवारी

पुन्हा फोन. डब्याची वेळ साधून. मालू आली फोनवर. मी तिला आपली खूण सांगितली, लग्नात जोडवं अडकून तिचा पाय मुरगळला होता, ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. ती म्हणाली, "ह्ये तुम्हाला ह्यांनी सांगितलं व्हय? आमचे हे जेवतायत. रोज सगळा डबा खातात. आता चिडत नाय, कुनाला टोचून बोलत नाय. द्येवानं बघितलं माझ्याकडं." आणि ठेवला.

चिडत नाही. कसा चिडेल? ते सगळं इथंच राहिलं, माझ्याकडे. बाकीचं तो घेऊन गेला.

आशा एवढीच की पेणच्या उन्हात तो टिकणार नाही. वितळू दे. भर कारखान्यात, सगळ्यांसमोर —

७ जानेवारी

टिकतो. बूथवाल्याला चिठ्ठी लिहून फोन लावायला लावला, माझा आवाज आता फुटत नाही. मोरू त्याला म्हणाला की दादांना घाम येतो, पुसतात, काम करतात.

नेगी मला वळसा घालून गेला. माणूस म्हणून नाही — बर्फाचा ढीग चुकवावा तसा.

खोलीत राहवत नाही. पडवीमागे बरं वाटतं. गार.

९ जानेवारी

रस्ता उघडला. बस आली. चढलो. आत माणसं, इंजिनची ऊब — पाठ वाहायला लागली. एक बाई किंचाळली. उतरलो.

घरी जायचं तर पेणला जायचं. पेणला ऊन.

मुलांनी बर्फाच्या बाहुलीला लावतात तसं मला नाकाच्या जागी गाजर लावून बघितलं. हललो नाही. हलता आलं नाही.

११ जानेवारी

ऊन पडलंय. सगळे बाहेर. नेगीची बायको रजया वाळत घालतेय, गाणं म्हणतेय. मी भिंतीच्या सावलीत. सावली मागे मागे —

तिकडे आज पहिली मूर्ती आखतोय तो. लोक विचारतील आखणी कुणाची. जगनची म्हणतील. माझंच नाव. तरी माझी नाही —

त्याचे डोळे मी आखले. शेठ नाही, मोरू नाही. मी. एकदा तरी कुणी म्हणा —

पापण्या मिटत नाहीत. बोटं धरत नाहीत, दोन गळून पडली, आवाजसुद्धा झाला नाही —

इतकी चांगली आखणी मी आयुष्यात एकदाच केली आणि त्याच डोळ्यांनी तो आता मालूकडे बघ